चाळीच्या जिन्यातला रंग दर पावसाळ्यात सुटत असेल तर

मुंबईतली जुनी चाळ. जिन्याच्या भिंतीवर रंगाचे पापुद्रे आणि खाली पांढरी भुकटी. ऑइलपेंट मारून पाहिला, वॉटरप्रूफ पुट्टी लावली. पाऊस आला की पुन्हा तेच. शेवटी वर्गणी मागायला गेलं की भाडेकरू दारच उघडेनात.

भिंत विटांची, गिलावा चुन्याचा. ऑइलपेंट ओल आत कोंडतो आणि क्षार बाहेर येताना रंगाला ढकलतात. म्हणून आधी पाणी बंद केलं: कुंड्यांखाली ताटल्या, पिंपाची गळकी तोटी बदलली, पन्हळीतला कचरा काढला. ज्या मजल्याचं त्या मजल्यानं. पैसे नाही, काम मागितलं, तेव्हा सगळे आले.

मग पावसाळा संपल्यावर रंग गिलाव्यापर्यंत खरवडला. जुन्या रंगात शिसं असू शकतं. मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. भुकटी कोरड्या ब्रशनं झाडून उचलायची. धुतली तर क्षार परत भिंतीत मुरतात. पोकळ गिलावा काढून चुना-वाळूच भरली, सिमेंट अजिबात नाही. भिंत पूर्ण वाळल्यावर तिच्यावर पाणी शिंपडलं आणि मग भिजवून गाळलेल्या चुन्याचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात आधीचा वाळल्यावर. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

मालकाला आधी लेखी नोटीस द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार किमान १५ दिवसांची. त्यानंतरही दुरुस्ती झाली नाही तर खर्च भाड्यातून वळता करता येतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. पागडीच्या भाड्यात तेवढ्यात फार काही येत नाही, पण नोटिशीची पोच जपून ठेवा.