स्पर्धा परीक्षेनंतरची रिकामी वर्षे आणि नोकरीचा शोध

पुण्यातील सदाशिव, नारायण किंवा शनिवार पेठेतील अभ्यासिकेत सहा-सात वर्षे काढलेला, पूर्व परीक्षा अनेकदा आणि मुख्य परीक्षा एखाददुसऱ्या वेळी उत्तीर्ण झालेला, तरीही अंतिम यादीत नाव न लागलेला उमेदवार तिशीनंतर खासगी नोकरी शोधू लागतो, तेव्हा त्याच्या बायोडेटामध्ये पदवीचे वर्ष आणि आजचा दिवस यांच्या मधली जागा कोरी असते. हे मार्गदर्शन अशा उमेदवारांसाठी आहे. कारखाना बंद पडल्याने, घरातील आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे ज्यांचे काम दीर्घकाळ सुटले आहे, त्यांनाही यातील बराच भाग उपयोगी पडेल. मात्र त्यांच्याकडे निदान जुन्या कामाचा अनुभव असतो, परीक्षार्थीचे काम सुरूच झालेले नसते, आणि म्हणून त्याची तयारी थोडी वेगळी करावी लागते.

समोरचा नेमका कशाला बिचकतो

उमेदवाराला वाटते की आपण इतकी वर्षे वाया घालवली, असा शेरा समोरचा मनातल्या मनात मारत असणार. प्रत्यक्षात नोकरी देणाऱ्याला तुमच्या गेलेल्या वर्षांची फारशी फिकीर नसते. त्याची धास्ती पुढच्या सहा महिन्यांची असते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ वर्षे आहे, हे पुण्यातील मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. एकतीस वर्षांच्या माणसाला आपण तीन महिने काम शिकवायचे आणि चौथ्या महिन्यात परीक्षेची जाहिरात निघाली की त्याने दीर्घ रजेचा अर्ज ठेवायचा, ही शंका त्याच्या मनात असते. ती तो बोलून दाखवीलच असे नाही, त्यामुळे न विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे आधीच तयार असले पाहिजे.

ते उत्तर खरे असण्यासाठी आधी स्वतःशी निर्णय करावा लागतो. परीक्षा पूर्णपणे सोडणे, किंवा नोकरी सांभाळून रजा न घेता ठरावीक एकच प्रयत्न करणे, हे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सन्मानाचे आहेत. ‘बघू, जागा किती निघतात त्यावर’ हा तिसरा मार्ग मात्र कोणत्याही मुलाखतीत टिकत नाही, कारण मनातली अनिश्चितता बोलण्यात उतरतेच. निर्णयाची तारीख कागदावर लिहावी आणि शक्य असेल तर त्याच आठवड्यात अभ्यासिकेतील जागा सोडावी. शेजारच्या टेबलावर चालू घडामोडींच्या नोट्स निघत असताना नोकरीचे अर्ज भरणे किती अवघड असते, हे तिथे बसलेल्यालाच कळते.

किती वर्षांचा खंड, याची काळजी कितपत करावी

या बाबतीत एक अभ्यास दिलासा देणारा आहे. क्रॉफ्ट, लँगे आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील सुमारे ३,००० जाहिरातींना काल्पनिक उमेदवारांचे जवळपास १२,००० अर्ज पाठवून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बेकारीचा काळ वाढतो तसे मुलाखतीचे बोलावणे कमी होते, हे त्यात दिसलेच. परंतु ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते आणि त्यानंतर आलेख जवळजवळ सपाट होतो. अमेरिकेतील बाजार चाकण-हिंजवडीला जसाच्या तसा लागू होणार नाही हे मान्य करूनही त्यातून एक व्यावहारिक गोष्ट घेता येते. पाच वर्षांचा खंड तीन वर्षांचा दाखवण्यासाठी खोटे अनुभवपत्र मिळवण्यात काहीच फायदा नाही, कारण जे नुकसान व्हायचे ते पहिल्याच वर्षात होऊन गेलेले असते. अनेक मोठ्या कंपन्या कागदपत्रांची पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात, आणि खोटे पत्र सापडले तर लागलेली नोकरीही जाते.

बायोडेटामध्ये ती वर्षे कशी लिहावीत

ती लपवू नयेत आणि त्यांचे पोवाडेही गाऊ नयेत. ‘२०१८ ते २०२४ : स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी. राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी दोनदा पात्र. तयारी जून २०२४ मध्ये थांबवली.’ एवढ्या तीन वाक्यांत सर्व येते, आणि त्यातील तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. किती गुणांनी यादी हुकली, पेपर किती कठीण होता, निकाल किती लांबला, यातील काहीही लिहू नये.

त्यानंतर त्या वर्षांत खरोखर कमावलेली कौशल्ये कामाच्या भाषेत मांडावीत. ‘मेहनती, चिकाटी असलेला’ या विशेषणांना बायोडेटामध्ये किंमत नाही. शंभर पानांचा शासकीय अहवाल वाचून त्याचे दोन पानी टिपण काढणे, मराठीत आणि इंग्रजीत औपचारिक मजकूर लिहिणे, कायद्यातील कलम शोधून त्याचा अर्थ लावणे, या गोष्टींना मात्र किंमत आहे. ती कोठे मिळते, याचा विचार परीक्षार्थी फारसा करत नाहीत. बांधकाम व्यावसायिकांकडे सातबारा, फेरफार आणि इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) वाचू शकणारा, महारेरा या गृहप्रकल्पांवरील नियामक प्राधिकरणाच्या नोंदणीची कागदपत्रे लावू शकणारा माणूस लागतो. शासकीय ठेकेदारांकडे ई-निविदा भरणारा लागतो. पतसंस्था, नागरी सहकारी बँका, दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या, मोठ्या गृहनिर्माण संस्थांचे व्यवस्थापन, वकील व सीए यांची कार्यालये, ग्रामविकासात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था, आणि ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानासारख्या अभियानांतील कंत्राटी पदे, या सर्व ठिकाणी पंचायत राज, सहकार आणि महसूल यांचे ज्ञान हे केवळ सामान्य ज्ञान राहत नाही. ‘आयटी नाही तर काहीच नाही’ हा समज पेठांमधील रूमवर पसरलेला असतो, आणि तो बराचसा चुकीचा आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांनी ‘प्रतिभा सेतू’ची माहिती अवश्य घ्यावी. सर्व टप्पे पार करूनही अंतिम शिफारस न झालेल्या आणि संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती आयोग त्याद्वारे नोकरी देणाऱ्या संस्थांना उपलब्ध करून देतो.

तारीख ताजी करणे

बायोडेटातील शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची असली, तर तिच्या आधीचा खंड अर्धा झाकला जातो. म्हणून मनासारख्या नोकरीची वाट पाहण्याआधी लहान, मर्यादित मुदतीचे पण सलग काम धरावे, असे माझे ठाम मत आहे. ओळखीच्या सीएकडे जीएसटीच्या नोंदी करणे, पतसंस्थेत दैनंदिन हिशेब पाहणे, भावाच्या दुकानाचा माल एक्सेलमध्ये नोंदवणे, यांपैकी काहीही चालेल. अट इतकीच की वेळ ठरलेली असावी आणि दोन ओळींचे पत्र देणारी व्यक्ती असावी. स्पर्धा परीक्षेच्या अकादमीत शिकवण्याचे काम सहज मिळते आणि पैसेही बरे मिळतात, परंतु तुम्ही परीक्षेच्या जगातून बाहेर पडलेला नाहीत, असाच अर्थ त्यातून निघतो. दुसरा पर्याय असेल तर ते टाळावे.

राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना याच गरजेसाठी आहे. १८ ते ३५ या वयोगटातील, महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या उमेदवारांना त्यात दरमहा विद्यावेतन ठरवले गेले : बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. सुरुवातीला ही मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिने करण्यात आली. नोंदणी ‘महास्वयं’ संकेतस्थळावर होते. तेथील सध्याच्या अटी पाहूनच अर्ज करावा. परीक्षार्थींचा ओढा साहजिकच तहसील किंवा जिल्हा परिषदेकडे असतो. तेथे कायम होण्याची कोणतीही हमी या योजनेत नाही, म्हणून खासगी आस्थापना मिळत असेल तर ती घ्यावी. पदवीधरांनी पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या मागे लागण्याआधी तिची वयोमर्यादा पाहावी. ती २१ ते २४ अशी जाहीर झाली होती.

याच काळात एक्सेल नीट शिकावे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र बहुतेकांकडे असते, पण व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल समोर बसवून करायला सांगितले की हात थांबतो, आणि अनेक कार्यालयांत मुलाखतीआधी हीच परीक्षा होते. वाणिज्य शाखेच्या उमेदवारांनी टॅली, आणि मराठी चांगली असणाऱ्यांनी युनिकोड टायपिंग व मुद्रितशोधन यांचा सराव करावा.

कोणाला सांगावे आणि कसे

संकेतस्थळांवर अर्ज भरत राहावे, परंतु खंड असलेला बायोडेटा तेथे बहुधा चाळणीतच अडकतो. अशा उमेदवारांना काम मिळते ते बव्हंशी ओळखीतून, आणि सर्वांत उपयोगी ओळख म्हणजे तुमच्या आधी अभ्यास सोडून गेलेले जुने रूम पार्टनर. त्यांच्याशी संपर्क तुटलेला असतो तो बहुधा संकोचामुळे. गावी जत्रेला किंवा लग्नाला जाणे टाळणारा माणूस ‘सध्या काय चाललंय?’ हा प्रश्न चुकवतो, पण त्याच मांडवात बसलेल्या साखर कारखान्यातील चुलत्याला तो कामाच्या शोधात आहे हेही कळत नाही.

संदेश नेमका असावा. ‘दादा, नमस्कार. मी गेल्या जूनपासून परीक्षेची तयारी थांबवली आहे. बी.कॉम. झाले आहे, टॅली आणि एक्सेल येते, मार्चपासून एका सीए कार्यालयात काम करतो आहे. तुमच्याकडे अकाउंट्स किंवा खरेदी विभागात जागा असल्यास कळवाल का? बायोडेटा जोडला आहे.’ यात आर्जव नाही आणि ‘कुठेही, काहीही चालेल’ असेही नाही. काहीही चालणारा माणूस नेमकी जागा निघाल्यावर कोणालाच आठवत नाही. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा करू नये.

ओळखीच्या बुरख्याआड फसवणूकही याच वाटेने येते. वर्षानुवर्षे सरकारी नोकरीची आस धरलेल्या घराला ‘अमुक खात्यात चिकटवून देतो, निम्मे आधी द्या’ म्हणणारा मध्यस्थ बरोबर हेरतो. अशा वाटेने कायदेशीर नियुक्ती होत नाही, आणि देणाराही गुन्ह्यात सापडू शकतो. मुलाखतीसाठी नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागणाऱ्या कंपनीचा फोन तेथेच बंद करावा. ऑनलाइन पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

मुलाखत

आयोगाच्या मुलाखतीची तयारी केलेल्यांना येथे एक सवय मोडावी लागते. त्यांना कोणत्याही प्रश्नाचे संतुलित, दोन्ही बाजू मांडणारे, एखाद्या समितीचा हवाला देणारे उत्तर द्यावेसे वाटते. भोसरीतील कारखान्याच्या मालकाला ‘आमचा माल वेळेत पोहोचत नाही, तुम्ही काय कराल?’ याचे उत्तर चार वाक्यांत हवे असते.

‘इतकी वर्षे काय केले?’ याला वीस सेकंदांचे उत्तर पाठ असावे, आणि त्याचा शेवट आजवर आणावा : ‘मी सहा वर्षे राज्यसेवेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षा दिली. निवड झाली नाही, म्हणून गेल्या जूनमध्ये थांबलो. मार्चपासून हिशेबाचे काम करतो आहे आणि याच क्षेत्रात पुढे जायचे आहे.’ इतके बोलून थांबावे. पुढची शांतता भरून काढण्यासाठी आयोगाच्या कारभारावर टीका सुरू करणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. ती टीका योग्य असली तरी समोरच्याला तिच्यात तुमचा गुंतलेला जीव दिसतो. ‘पुन्हा जाहिरात आली तर?’ या प्रश्नाला घेतलेला निर्णय सांगावा. एक प्रयत्न बाकी ठेवला असेल तर तेही सांगावे आणि त्यासाठी सुटीचे दिवस सोडून वेळ मागणार नाही, हे जोडावे. वयाने लहान असलेल्या साहेबाच्या हाताखाली काम कराल का, हा प्रश्न येतो तेव्हा उत्तरापेक्षा चेहरा पाहिला जातो, म्हणून त्याची सवय मित्रांसमोर आधीच करून घ्यावी.

पगाराच्या बाबतीत बरोबरच्या मित्रांशी तुलना करू नये. ते सात वर्षे पुढे आहेत. हाती किती येणार एवढे मात्र स्पष्ट विचारावे, कारण सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाच्या) आकड्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटाही धरलेला असतो.

शोधाचे दिवस

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावची गिरणी बंद पडली, तेव्हा सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांना तेथे आढळले की लोकांच्या हाती वेळ वाढला, पण वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले. मोकळा वेळ माणसाला आळशी करतो असे नव्हे, त्याचा आकार मोडतो. म्हणून शोधाच्या काळातही सकाळी नऊला बाहेर पडण्याची वेळ ठेवावी, आठवड्याला दहा नेमके अर्ज आणि पाच व्यक्तिगत संपर्क एवढेच उद्दिष्ट धरावे, आणि वहीत तारीख, ठिकाण, कोणाशी बोललो व पुढे काय, याची नोंद ठेवावी. पुण्यात राहण्याचा खर्च किती महिने झेपेल हे घरी बसून ठरवावे. ती मुदत संपल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी शोध सुरू करणे ही माघार नाही, तेथे सहकारी संस्थांत स्पर्धाही कमी असते. झोप उडाली, कोणाशी बोलावेसे वाटेनासे झाले, तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मुलाखती सुरू होण्याआधी आधार, पॅन, दहावीची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र यांवरील नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, हे पाहून घ्यावे. पदवी प्रमाणपत्र अनेकांनी विद्यापीठातून घेतलेलेच नसते. ही कामे नियुक्तिपत्र हाती आल्यावर निघाली की रुजू होण्याची तारीख पुढे जाते. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच काही महिन्यांत नवी जाहिरात येईल, तेव्हा जुन्या टेलिग्राम गटांवर पदसंख्येची चर्चा रंगेल. त्या गटांतून बाहेर पडण्याचे काम रुजू होण्याच्या आदल्या रात्रीच उरकून घ्यावे.