कुत्र्याचं पिल्लू घेताना या चुका टाळा : आधी आई बघायला मागा

पिल्लू कुठलंही असो, गोंडसच दिसतं. म्हणून पिल्लाकडे बघून ब्रीडर, म्हणजे पिल्लं पैदा करून विकणारा, पारखता येत नाही. पारखायचा असेल तर पिल्लाची आई बघा. ती कुठे राहते, माणूस जवळ आला की शेपूट हलवते की कोपऱ्यात दबते, आजवर किती वेळा व्यायली आहे? लॅब्रेडॉर घ्या नाहीतर शिह त्झू, ही एक अट सोडू नका.

"आई फार्मवर असते", "ती अनोळखी माणसाला चावते", "तुम्ही कशाला येता, मीच अर्ध्या वाटेत आणून देतो". यातलं काहीही ऐकू आलं की विषय संपवा. हायवेवरच्या हॉटेलसमोर खोक्यातून पिल्लू हातात ठेवणारा बहुतेक वेळा ब्रीडर नसतोच, दलाल असतो. चार ठिकाणची पिल्लं त्याच्याकडे एकत्र येतात आणि एकाचा पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) सगळ्यांना लागतो. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 3 ते 7 दिवस जातात. त्यामुळे घेताना उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर आडवं होतं, आणि विकणारा म्हणतो, "माझ्याकडे तर ठणठणीत होतं!"

आई दाखवली, तर नीट बघा. नुकती व्यायलेली कुत्री थोडी खंगलेली असते, केस गळतात, आचळं लोंबतात. यात वावगं काही नाही. पण नखं वाढून वळलेली, पोटाकडचे केस मुतानं पिवळे पडलेले, उजेडात आणल्यावर बिचकते आहे, तर ती पिंजऱ्यातच दिवस काढते हे उघड आहे. अशा जागेतून पिल्लू घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

लवकर घेतलं की लळा लागतो, हा समज

चाळीस दिवसांचं पिल्लू विकणं ब्रीडरच्या सोयीचं असतं, पिल्लाच्या नव्हे. खाण्याचा खर्च वाचतो आणि पिल्लू लहान, म्हणजे जास्त गोड दिसतं. खरं तर पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं भावंडांशी मस्ती करता करता चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतात. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. हे शिकायच्या आत आणलेलं पिल्लू पुढे घरातल्या मुलांचे हात फोडतं आणि आपण त्यालाच हट्टी ठरवतो. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसारही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि दीड वर्षाच्या आतल्या मादीपासून पिल्लं घ्यायला मनाई आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला अजिबात संकोच करू नका. चांगला ब्रीडर ते आपणहून दाखवतो.

कागद बघून भुलणं

"केसीआय पेपर आहेत" म्हटलं की अनेकांचे प्रश्नच संपतात. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येत सांगत नाही. त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक पिल्लाच्या अंगातल्या चिपशी जुळतो का, ते स्कॅनर लावून बघा. "पेपर मागाहून कुरिअर करतो" यावर विसंबू नका.

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड घेताय तर आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का, हे विचारा. हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, आनुवंशिक असतो आणि पिल्लाच्या चालीवरून दोन महिन्यांत तो कळत नाही. लसीकरण कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. नुसतं पेनानं "लस दिली" लिहिलेलं असेल तर लस झालीच नाही असं धरा आणि आपल्या डॉक्टरांना तसं सांगा.

जाहिरातीतले शब्दही तपासून घ्या. "डबल कोट" जर्मन शेफर्डसाठी जादा पैसे मागतात. पण या जातीला मुळातच दुहेरी केस असतात, विकतात ते फक्त लांब केसांचं पिल्लू. "टीकप" नावाची कुठलीही मान्य जात नाही. तशी इवलीशी पिल्लं अनेकदा कमी वयाची किंवा अशक्त असतात, आणि एखाद्या वेळचं खाणं चुकलं तरी त्यांच्या रक्तातली साखर धोकादायक खाली येते.

फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नका. विमानाचं भाडं, मग क्रेटचे पैसे, मग विमा, अशी मागणी वाढत जाते आणि पिल्लू मुळात नसतंच. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तक्रार करा.

दया येऊन आजारी पिल्लू घेणं

ही चूक सगळ्यात भल्या माणसांकडून होते. डोळे चिकटलेलं, पोट फुगलेलं पिल्लू बघून "इथून तरी सोडवू" वाटतं. वाटणं साहजिकच आहे. पण त्या पैशांवर त्याच आईचं पुढचं वेत निघतं. पैसे देऊ नका. फोटो काढा आणि जवळच्या प्राणी कल्याण संस्थेला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा.

घेऊन झालंय आणि शंका येतेय?

पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवा. उलट्या, दुर्गंधी येणारे रक्ताचे जुलाब, खाणं बंद, यापैकी काही दिसलं तर ताक-भात, मेडिकलमधली गोळी असले उपाय करत बसू नका. पार्व्होची किट टेस्ट दवाखान्यात काही मिनिटांत होते आणि सलाईन वेळेत सुरू झालं तर बरीच पिल्लं वाचतात. डॉक्टरांचा रिपोर्ट, ब्रीडरशी झालेलं व्हॉट्सॲप बोलणं, पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि पुढे ग्राहक आयोगात तक्रार करताना हेच कामी येतं.

पिल्लू दगावलं असेल, तर लगेच दुसरं आणू नका. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाईलनं मरत नाही. फरशी आधी साबणानं धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या प्रमाणात पुसून दहा मिनिटं ओली राहू द्या. बिछाना, भांडी, पट्टा टाकून द्या. पुढचं पिल्लू किंवा दत्तक कुत्रा लसीकरण पूर्ण झालेलाच आणा.