नाताळचं जेवण: मटण आदल्या दिवशी, संत्र्याचा रस ऐनवेळी

नागपुरात नाताळच्या जेवणाला कुणाकडे पुलाव-कोंबडी असते, तर कुणाकडे सावजी मटण. आमचं मत मटणालाच. पण ते २५ तारखेला सकाळी करायला घेऊ नका. २४ च्या मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, परतल्यावर झोप जेमतेम होते, आणि वाटणाचा राडा सकाळी नकोसा वाटतो. २४ ला दुपारीच रस्सा करा. मुरला की खसखस, खोबरं, दगडफूल सगळं मटणात उतरतं. दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर थंडी आहे म्हणून ओट्यावर नको. दुसऱ्या दिवशी वर गोठलेली तर्री फेकू नका. गरम पाणी घालून चांगली उकळी येऊ द्या. सोबत ज्वारीची भाकरी किंवा साधा भात, बस.

केक मात्र संत्र्याचाच हवा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, किसणीवर दाबली की आत दबते आणि पांढरा भाग किसला जाऊन केक कडू होतो. म्हणून संत्रं तासभर फ्रिजमध्ये ठेवा, सोलायच्या आधी हलक्या हाताने फक्त वरचा केशरी भाग किसा. मग बिया काढून रस पिळा. फोडी मिक्सरला लावू नका, बिया भरडल्या की कडवटपणा उतरतो. रसही ठेवला की कडू होत जातो, तेव्हा भांड्याला लोणी लावून झाल्यावरच पिळायला घ्या.