ब्रेक ऑइल बदलताय? क्लचची टाकीही उघडा

हे लिहून ठेवतोय, कारण मागच्या खेपेला मी माझ्या एमजीबीचे (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) ब्रेक साग्रसंगीत केले आणि क्लच तसाच ठेवला. ब्रेक ऑइल दोन जातींचं, सिलिकॉन आणि ग्लायकॉल; दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत. माझ्या ब्रेकमध्ये नवं जांभळं सिलिकॉन, क्लचमध्ये जुनं ग्लायकॉल. पुढे क्लचची पातळी उतरलेली दिसली, हाताशी तीच जांभळी बाटली होती, ओतली. मग गिअर करकरायला लागले. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणारा) खोलला तर तळाशी चिकट राळ. ट्रायम्फ टीआर, स्पिटफायर, ऑस्टिन-हीली ३००० यांच्या मालकांनीही वाचावं. क्लच तिथेही हायड्रॉलिकच, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा.

जॅक, स्टँड, पाने, पारदर्शक नळी, चिंध्या हे सांगायला नको.

आधी आत काय आहे ते ओळखा. रंगावर विसंबू नका. सिलिकॉन, म्हणजे डॉट ५ (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी, बाटलीवर छापलेली असते), नवं असताना जांभळं असतं, पण जुनं झालं की रंग उडतो. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन टाकीतले चार थेंब सोडा. मिसळले तर ग्लायकॉल, तवंग धरला तर सिलिकॉन. आणि ही परीक्षा क्लचच्या टाकीचीही करा. ती ब्रेकच्या टाकीला खेटूनच आहे, तरी नजर तिच्यावरून सरकते. एमजीए आणि फ्रॉगआय स्प्राइटवाले सुटले, त्यांची दोन्हींना मिळून एकच टाकी.

आता निवड. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही भावंडं नव्हेत. ५.१ ग्लायकॉलच आहे, ३ आणि ४ च्या कुळातलं. दुकानात घाईत बाटली उचलाल तर फसाल, लेबल दोनदा वाचा. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. ३.७ टक्के पाणी शिरलं की तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. ग्लायकॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून हे सगळं. पण आपल्या गाड्या धावतात कमी, उभ्या जास्त. उकळण्यापेक्षा सिलिंडरला आतून गंज चढण्याची भीती मोठी. सिलिकॉनचा मोह इथेच होतो. ते ओल शोषत नाही, गाडीचा पेंटही खात नाही. मात्र आत शिरलेलं पाणी त्यात विरघळत नसल्यामुळे सगळ्यांत खालच्या जागी साचतं आणि तिथेच गंजवतं. शिवाय त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, पेडल स्पंजासारखं लागतं. ज्या गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच दाबावर चालतो, तिथे सिलिकॉनने स्विच बिघडल्याची तक्रार जुनीच आहे. माझं मत: चांगलं डॉट ४ घ्या, दर दोन वर्षांनी बदला, क्लचचंही.

सिलिकॉनच हवं असेल तर सिलिंडरांतले सगळे रबरी सील नवे, पाइप धुऊन कोरडे, होज नवे. सगळे म्हणजे क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह (दुसऱ्या टोकाला क्लच हलवणारा सिलिंडर) यांतलेसुद्धा. अर्धी गाडी सिलिकॉनवर ठेवायची नाही. ठेवली की एक दिवस चुकीची बाटली चुकीच्या टाकीत जाणारच.

रबराबद्दल. गर्लिंग या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या सिलिंडरांत नैसर्गिक रबराचे सील असत. फ्लुइड मानवलं नाही की ते फुगत, म्हणून त्या काळी गर्लिंग स्वतःच्याच फ्लुइडचा आग्रह धरी. गाडीत कुठले सील आहेत हे कळत नसेल तर तर्क लढवू नका, नवे किट आणा. चार चाकांचे आणलेत? क्लचचे आणलेत का? इंजिन ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल टाकीच्या आसपासही नको. सील पेट्रोलने, रॉकेलने धुऊ नका, मेथिलेटेड स्पिरिट वापरा. बसवताना लाल रबर ग्रीस. बेअरिंगचं ग्रीस नाही म्हणजे नाही. लवचीक होज बाहेरून ठाकठीक दिसतात, पण आतून फुगले की ब्रेक सोडल्यावरही चाक धरून ठेवतात. जुने असतील तर टाका.

बाटली लहान आणि सीलबंद घ्या. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली नको, तिने ओल पिऊन घेतलेली असते. ग्लायकॉल पेंट सोलून काढतं, तेव्हा मडगार्डांवर जुनी चादर आणि जवळ पाण्याची बादली. सांडलं की पुसत बसू नका, आधी पाणी ओता.

हवा काढायचे निपल आदल्या रात्री बाहेरून गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवून ठेवा, षट्कोनी सॉकेट लावा. पिळवटून तोडाल तर दिवस गेला. हवा लांबच्या चाकापासून काढत या, टाकी रिकामी पडू देऊ नका. मग क्लचचीही हवा काढा. वरून निघेना तर स्लेव्हच्या निपलमधून उलटं भरा. ब्रेकचे ड्रम ॲडजस्ट करा. दोन्ही झाकणांवर फ्लुइडचं नाव आणि तारीख लिहा. पेडल दाबून धरा, खाली सरकतंय का बघा. पहिली चक्कर घराच्या वाटेवरच, हळू. जुनं फ्लुइड मोरीत नाही, काउन्सिलच्या कचरा केंद्रावर.