हेवीवेट फाईट कोण मारणार हे आधी कसं ओळखायचं

बॉक्सिंगमधली मोठी हेवीवेट (सगळ्यात वरच्या वजनगटाची) फाईट जाहीर झाली की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "बोला, कोण मारणार?" आणि त्याच्याखाली लगेच कोणीतरी दोघांचे उघड्या अंगाचे फोटो टाकून, "अरे ह्याची बॉडी बघ ना, विषयच संपला." बॉडीवर निकाल लागत असते तर १ जून २०१९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँथनी जोशुआ आरामात जिंकला असता. समोर अँडी रुईझ, पोट सुटलेला, तोही दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी बोलावलेला, आणि त्याने जोशुआला चार वेळा खाली पाडून सातव्या राऊंडला फाईट संपवली. रुईझचे हात किती फास्ट आहेत हे त्याच्या जुन्या फाईट्समध्ये सगळ्यांना दिसत होतं, पण सगळे पोटच बघत बसले.

तर पहिलं काम म्हणजे "कोण जिंकणार" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. फोनच्या नोट्समध्ये दोघांची नावं लिहा आणि प्रत्येकाच्या खाली एकच वाक्य लिहा, हा जिंकला तर कसा जिंकेल. "लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट पंच) मारत बाराही राऊंड पॉइंट्सवर काढेल" किंवा "पहिल्या चार राऊंडमध्ये उजव्या हाताने झोपवेल" असं. एखाद्याच्या नावाखाली काहीच सुचत नसेल तर तुम्ही त्याला नीट बघितलेलंच नाही, आधी बघून या. दोन्ही वाक्यं झाली की मग विचारायचं की ह्यातलं कोणतं वाक्य समोरचा माणूस घडू देईल.

कारण "ह्याने त्याला मारलं, त्याने ह्याला मारलं, म्हणजे हाच भारी" हे गणित बॉक्सिंगमध्ये चालत नाही. जो फ्रेझरने १९७१ ला आणि केन नॉर्टनने १९७३ ला मोहम्मद अलीला हरवलं होतं, आणि ह्या दोघांनाही जॉर्ज फोरमनने दोन-दोन राऊंडमध्ये उडवलं, मग त्या हिशोबाने ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीची वाटच लागायला हवी होती. लागली फोरमनची, आठव्या राऊंडला. फ्रेझर सरळ आत घुसायचा आणि आत घुसणाऱ्याला फोरमन खालून वर असा हाणायचा. अली रोपला, म्हणजे रिंगच्या दोरांना, टेकून हातांवर मार घेत राहिला आणि फोरमनला दमवलं. एका स्टाईलवर चालणारं औषध दुसरीवर चालत नाही, एवढं डोक्यात बसलं तरी निम्मं काम झालं.

आता बघायचं काय आणि कसं. हायलाईट्स बघू नका, प्लीज. हायलाईट्समध्ये डिऑन्टे वाइल्डर देव वाटायचा, पण नोव्हेंबर २०१९ ची लुईस ऑर्टिझबरोबरची दुसरी फाईट पूर्ण बघा, सातव्या राऊंडला तो एक उजवा हात बसेपर्यंत वाइल्डर पॉइंट्सवर मागे होता. म्हणून दोघांच्याही शेवटच्या तीन-चार फाईट्स पूर्ण बघायच्या, ट्रेनमध्ये बघितल्या तरी चालतील, उलट आवाज बंद असलेलाच बरा, कॉमेंट्रीवाले आपल्या डोळ्यावर पट्टी बांधतात. एकदा फक्त पाय बघा. पंच मारून झाल्यावर पाय कुठे पडतात, दोन्ही पाय एका रेषेत येतात का, मागे सरकताना सरळ मागेच जातो की बाजूला वळतो. सरळ मागे जाणारा हेवीवेट कधी ना कधी रोपला लागतोच.

मग दुसऱ्यांदा फक्त जॅबचा हात बघा, प्लेबॅक स्पीड अर्ध्यावर आणून. जॅब जाताना सगळ्यांचाच छान दिसतो, तो परत येतो कुठे ते बघायचं. गालापर्यंत परत आला तर ठीक, छातीपर्यंत खाली पडून मग वर आला तर तेवढ्या वेळात समोरच्याचा उजवा हात आत येऊन जातो, आणि हेवीवेटला तेवढं पुरतं. समोरचा साऊथपॉ (उजवा हात-पाय पुढे ठेवून लढणारा डावरा) असेल, ओलेक्सांद्र उसिकसारखा, तर पुढचा पाय कोणाचा बाहेरच्या बाजूला पडतोय तेही बघा, ज्याचा बाहेर त्याच्या मागच्या हाताला मोकळा रस्ता.

वजनाकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या. हेवीवेटला २०० पाऊंडच्या वर कितीही वजन चालतं, वरची लिमिटच नाही, त्यामुळे आकडा म्हणजे प्लॅन असतो. रुईझ पहिल्या फाईटला २६८ पाऊंड होता आणि डिसेंबर २०१९ च्या रीमॅचला, सौदीत, २८३.५ वर आला, जोशुआ उलटा २४७.५ वरून २३७ वर उतरला. वजनकाट्यावरच कळत होतं की एक जण जिंकल्यावर मजा करून आलाय आणि दुसरा लांब राहून पळत पळत पॉइंट्स काढणार, आणि तसंच झालं.

पण वजन वाढलं म्हणजे आळशी झाला असंही धरू नका. टायसन फ्युरी २०१८ ला वाइल्डरसमोर २५६.५ होता, ड्रॉ झाली, २०२० ला २७३ होऊन आला तेव्हा लोक हसले. त्याने पुढे जाऊन, मिठी मारून, सगळं वजन वाइल्डरच्या मानेवर टाकून, विरार फास्टमध्ये मागचा माणूस आपल्यावर रेलतो तसा रेलत रेलत त्याचे पाय संपवले आणि सातव्याला फाईट थांबली. तेव्हा आकडा बघितल्यावर "का?" विचारायचं. आणि कधीकधी कपड्यांसकट वजन करतात, तेही बघून घ्या.

कोपरा, म्हणजे ट्रेनर आणि त्याची टीम, ह्याकडे आपल्याकडे कोणी बघतच नाही. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने माइक टायसनला दहाव्या राऊंडला पाडलं, डग्लसवर सट्ट्याचा भाव ४२ ला १ होता. पण टायसनने जुना ट्रेनर केव्हाच काढून टाकला होता, डोक्याची हालचाल कमी झाली होती आणि डग्लसची रीच (दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) ८३ इंच, टायसनची ७१. त्यात टायसनचा डोळा सुजला तर कोपऱ्यात सूज दाबायचं थंड लोखंडही नव्हतं, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. म्हणून कॅम्पमध्ये, म्हणजे फाईटच्या आधीच्या तयारीत, ट्रेनर बदललाय का, कितव्यांदा बदललाय, ही बातमी इंस्टाच्या वर्कआऊट रीलपेक्षा कामाची.

वयाचं सोपं आहे. पाय आधी जातात, पंच सगळ्यात शेवटी. म्हणून ५८ वर्षांचा टायसन नोव्हेंबर २०२४ ला यूट्यूबर-बॉक्सर जेक पॉलला झोपवेल म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटत होतं, पाय नसतील तर पंच पोचवणार कसा, आणि ती आठ राऊंड पॉइंट्सवर पॉलने काढली. पण फोरमनने ४५ व्या वर्षी, १९९४ ला, तिन्ही जजकडे मागे असताना चॅम्पियन मायकल मूररला दहाव्याला पाडलं होतं, त्यामुळे म्हाताऱ्या पंचरला शून्य टक्के कधीच देऊ नका.

फाईट बाराही राऊंड जाणार वाटत असेल तर जजचा विचार करा. राऊंड जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९, खाली पडला तर बहुतेक ८. पब्लिकच्या आवाजावर जाऊ नका. २०१७ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये विजेंदर सिंगची फाईट झाली, हेवीवेट नव्हती पण मुद्दा तोच, आवाज ऐकून वाटावं एकतर्फी चाललीय, आणि तीनपैकी दोन जजचं कार्ड (पॉइंट्सची नोंद) होतं ९५-९४. उसिक-फ्युरी पहिली, मे २०२४, नवव्या राऊंडला फ्युरी एवढा हलला तरी उसिक जिंकला तो स्प्लिटवरच, म्हणजे दोन जज एकीकडे, एक दुसरीकडे, एका जजने फ्युरीला ११४-११३ दिली होती. जवळची फाईट दिसत असेल तर ५५-४५ च्या पुढे जाऊ नका.

आता आकडा लिहा. नुसतं नाव नको, नाव, टक्के, आणि नॉकआऊट की पॉइंट्स, आणि नॉकआऊट असेल तर साधारण कोणते राऊंड. ८० च्या वर टक्के द्यायला हात आखडता घ्या, हेवीवेटमध्ये एक हात लागला की झालं. वजन झाल्यावरच फायनल करा. लंडनची मेन फाईट आपल्याकडे रविवारी पहाटे अडीच-तीनच्या पुढे येते, वेगासची रविवारी सकाळी नऊ-दहाला, म्हणजे शनिवारी रात्री झोपायच्या आधी ग्रुपवर टाकून मोकळे व्हा, त्यानंतर एडिट केलेलं धरायचं नाही. पैसे लावायच्या भानगडीत पडू नका, सट्टा आपल्याकडे बेकायदा आहे, भाव बघायचा तो फक्त बाकीची दुनिया काय समजतेय ते कळायला. हरणाऱ्याने सकाळी सगळ्यांना भुर्जीपाव, एवढं पुरे.

फाईट चालू झाली की पहिल्या तीन राऊंडमध्ये स्वतःचं कार्ड लिहा, आणि तिसरा संपला की नोट्स उघडून बघा की दोघांपैकी कोणाचं वाक्य रिंगमध्ये घडतंय.