बारावीपासून मागं मोजत या: घरी शिकणाऱ्या मुलांची कॉलेजची तयारी

आमची मोठी सातवीनंतर शाळेतून बाहेर पडली. आज ती कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी करते. धाकटा पंधरा वर्षांचा आहे, त्याची दहावी घरूनच चालू आहे. त्यामुळं ओळखीपाळखीतून फोन येत राहतात: "आत्तापर्यंत छान चाललं होतं हो, पण पोरगं तेरा वर्षांचं झालं. आता पुढं कॉलेजचं कसं?" फोनवर जे सांगते, तेच इथं नीट लिहिते.

मूल लहान असताना पुढचा विचार बाजूला ठेवला तरी चालतं. तेराव्या वर्षानंतर मात्र ठेवू नये. माझं ठाम मत आहे की घरी शिकलेल्या मुलांचं विषय समजण्यात फारसं अडत नाही. अडतं ते कागदपत्रांपाशी, आणि आपल्याला जे येतं ते अनोळखी माणसापुढं मांडण्यापाशी. या दोन्ही गोष्टी शेवटच्या वर्षात उरकता येत नाहीत.

पहिलं काम म्हणजे मुलाला विचारणं. शाळा सोडण्याचा निर्णय बहुतेक घरांत आईबापांनी घेतलेला असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो निर्णय मुलाचा व्हायला हवा. "तुला नववीत शाळेत जायचंय का?" हा प्रश्न मनापासून विचारा आणि उत्तर "हो" आलं तर शाळा शोधायला लागा. मित्र हवेत, संघात खेळायचंय, ही कारणं अजिबात क्षुल्लक नाहीत. ज्या मुलानं स्वतः घरचा रस्ता धरला, तेच मूल पुढची चार वर्षं स्वतःचं वेळापत्रक सांभाळतं. ढकलत नेलेलं मूल दहावीच्या अर्जापाशीच थकतं.

आता बोर्ड. आपल्याकडं बहुतेकजण एनआयओएसकडं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाकडं जातात. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. अभ्यास मराठीतून झाला असेल आणि पुढं इथल्याच कॉलेजात जायचं असेल तर तोही चांगला रस्ता आहे. केंब्रिजच्या परीक्षा खासगीरीत्या देता येतात, पण त्या महाग आहेत आणि परीक्षा केंद्र मिळवायला वणवण होते. आम्ही एनआयओएस निवडलं, कारण तिथं विषय वाटून देता येतात.

ते असं. दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, बारावीसाठी पंधरा. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक भाषा हवीच, जास्तीत जास्त दोन घेता येतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि उत्तीर्ण झालेला विषय खात्यात जमा राहतो. म्हणजे ऑक्टोबरात दोन आणि एप्रिलमध्ये तीन विषय असं करता येतं. मोठीनं दहावीला गणित आणि विज्ञान आधी मोकळं केलं, मग भाषा आणि सामाजिक शास्त्रं निवांत वाचली. पाच वर्षांची मुदत ऐकून मात्र सैल सुटू नका. मुदत अडीअडचणीसाठी आहे. अभ्यास पहिल्या दिवशी ठरवलेल्या तारखेलाच संपवायचा.

ती तारीख काढायची मागं मोजत. एनआयओएसचं बारावीचं पूर्ण प्रमाणपत्र मिळायला दहावी उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांचं अंतर लागतं. वर्षभरातच बसायचं म्हटलं तर चारच विषय देता येतात. हा नियम अनेकांना उशिरा कळतो. सतराव्या वर्षी एप्रिलमध्ये बारावी हवी असेल, तर पंधराव्या वर्षी एप्रिलपर्यंत दहावी हातात पाहिजे, आणि एप्रिलच्या परीक्षेचा प्रवेश आदल्या वर्षीच घ्यावा लागतो. म्हणजे चौदा पूर्ण झाली की अर्ज. एक वर्ष उशीर झाला तर काही बिघडत नाही. पण ते वर्ष आपण ठरवून घेतलेलं असावं.

दहावीला गणित सोडायचं का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. एनआयओएसमध्ये गणिताऐवजी चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असं काही घेऊन दहावी होता येतं. ज्या मुलाला गणितानं खरोखर छळलंय त्याच्यासाठी हे वरदान आहे, मी नाकारत नाही. पण आधी कागदावर लिहा की कुठली दारं बंद होतात. आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस पदवी घ्या. तिला जेईई ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा लागत नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची असते. स्वतःच्या गतीनं शिकायची सवय असलेल्या मुलांसाठी इतकी जुळणारी दुसरी पदवी मला दिसली नाही. पण तिला दहावीचं गणित आणि इंग्रजी लागतं. पंधराव्या वर्षी सोडलेलं गणित अठराव्या वर्षी असं आडवं येतं. भाषांमध्ये आम्ही मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवल्या. मराठी आपली म्हणून, आणि इंग्रजी पुढं जागोजागी विचारतात म्हणून. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'ला बसायचं तर बारावीलाही इंग्रजी हवंच.

प्रवेश परीक्षांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. एनआयओएसची पुस्तकं वेगळी आणि परीक्षा ज्यावर बेतलेली असते ती वेगळी. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांची राज्याची प्रवेश परीक्षा, राज्य मंडळाच्या पाठ्यक्रमावर असते, साधारण ८० टक्के बारावीचा भाग आणि २० टक्के अकरावीचा. जेईई आणि 'नीट'साठी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची पुस्तकं लागतात. म्हणून बारावीचा अभ्यास सुरू करतानाच राज्य मंडळाची बालभारतीची किंवा एनसीईआरटीची पुस्तकं शेजारी ठेवा. दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. एनआयओएसचं पुस्तक प्रकरणवार वाचायचं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या पुस्तकातलं तेच प्रकरण सोडवायचं. बोर्ड उरकून मग सीईटीचं बघू म्हणाल तर दोन परीक्षांमध्ये तेवढा वेळ उरत नाही.

जेईई अॅडव्हान्स्डचं, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेचं स्वप्न असेल तर विषय वाटून देण्याआधी थांबा. तिथं बारावीच्या परीक्षेला पहिल्यांदा कोणत्या वर्षी बसलात, त्यावरून ही परीक्षा कधीपर्यंत देता येईल ते ठरतं. ऑक्टोबरात दोन विषय देऊन टाकू, असं सहज केलं तर ते वर्ष धरलं जाऊ शकतं. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी भरवशावर राहू नका.

सगळेजण मालविका जोशीचं उदाहरण देतात. मुंबईची ही मुलगी शाळेबाहेर शिकली, माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये बारावीचं प्रमाणपत्र नसताना अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. मला तिचं मनापासून कौतुक आहे. पण त्याच मुलीला बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं, तेही पाहा. आपल्या मुलाचा बेत बारावीच्या कागदावर उभा करा. त्यावर आणखी काही चढलं तर आनंदच आहे.

आता लिहिण्याची सवय. माझ्या मते घरशाळेत सगळ्यात दुर्लक्षित राहते ती हीच. आपली मुलं बोलतात सुंदर, वाचतात भरपूर, पण तीन तास खाली मान घालून लिहायची वेळ त्यांच्यावर आलेली नसते. आईला अर्ध्या वाक्यात उत्तर कळतं, परीक्षकाला कळत नाही. दहावीच्या आदल्या वर्षापासून आमच्याकडं शनिवारी सकाळी पूर्ण पेपर असतो. घड्याळ लावून, निळ्या पेनानं, मध्ये उठायचं नाही. जागाही घरातली नसते. आमची मुलं करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसतात. सुरुवातीला तासाभरात बोटं दुखतात आणि शेवटचे दोन प्रश्न राहून जातात. काही महिन्यांत हात तयार होतो.

आणि हा पेपर आईनं तपासायचा नाही. आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या तपासतात. त्या लाल पेनानं लिहितात, "पायऱ्या दाखव", "आकृतीला नावं कुठं आहेत?" मी हेच सांगितलं असतं तर वाद झाला असता. बाईंनी लिहिलं की मुकाट्यानं सुधारणा होते. प्रत्येक गावात अशी माणसं आहेत, निवृत्त मास्तर, कॉलेजात शिकवणारी भाची, बँकेतून बाहेर पडलेले काका. मानधन द्या, वेळ ठरवा, आणि तपासलेला पेपर हातात आला की त्यांच्या शेऱ्यांत नाक खुपसू नका.

एनआयओएसमध्ये टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय असतात, त्यांना २० टक्के वजन आहे. ते शेवटच्या रात्री पुस्तकातून उतरवून काढू नका, लेखनाचा सराव म्हणूनच वापरा. विज्ञानाचं प्रात्यक्षिक मात्र घरी भागत नाही. अनुमापन, सूक्ष्मदर्शक, विद्युत मंडलाची जोडणी हे हातानं केल्याशिवाय येत नाही, आणि प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधीच येऊन ठेपते. अभ्यास केंद्रातले संपर्क वर्ग कसे चालतात ते प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघा. प्रयोगशाळा कुलूपबंद दिसली तर दुसरं केंद्र निवडा, किंवा एखाद्या ज्युनिअर कॉलेजातल्या प्रयोगशाळा सहायकांना विनंती करून उन्हाळ्यात शिकून घ्या. आम्ही तसं केलं.

पुस्तकांपलीकडचा वेळ हीच घरशाळेची खरी कमाई आहे, तो परीक्षेच्या नावाखाली गिळून टाकू नका. मोठी दोन पावसाळे एका रोपवाटिकेत सकाळी काम करायची. कलमं बांधायला तिथं शिकली. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जायची, दाजीपूरच्या जंगलात आम्ही तिला नेलं, कारवी सात वर्षांनी फुलते ते तिनं पुस्तकात वाचलं आणि मग झुडूप ओळखायला शिकली. या सगळ्याची तारीखवार वही तिनं ठेवली: काय पाहिलं, कुणाकडून शिकले, काय कळलं नाही. साध्या बीएस्सीच्या प्रवेशाला ही वही कुणी बघत नाही, गुणपत्रक बघतात. पण काही खासगी विद्यापीठांत मुलाखत असते, डिझाइनच्या संस्थांत केलेलं काम दाखवावं लागतं, परदेशी अर्जात निबंध लिहावा लागतो. तिथं सांगायला खरं काहीतरी लागतं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण त्याला सर्वांत आधी हात घाला. शाळा सोडताना शाळा सोडल्याचा दाखला घ्या आणि मूळ प्रत जपून ठेवा, कारण जन्मठिकाण आणि जात यांचा पुरावा म्हणून पुढं तोच मागतात. जन्मदाखला, आधार आणि एनआयओएसचा अर्ज, तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच हवं, वडिलांचं नावसुद्धा. दहावीच्या गुणपत्रकावर चुकलेलं एक अक्षर पुढं प्रत्येक खिडकीवर सोबत येतं. डोमिसाइल, लागत असेल तर जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर ही कामं दहावी झाल्या झाल्या सेतूत जाऊन सुरू करा. जून-जुलैत तिथं अख्खा तालुका लोटतो. दाखल्यांच्या रांगेत मुलालाही उभं करा, अर्ज त्याच्या हातानं भरू द्या.

निकालाचं वेळापत्रकही ध्यानात असू द्या. एनआयओएसच्या एप्रिलच्या परीक्षेचा निकाल राज्य मंडळाच्या नंतर लागू शकतो, आणि तोवर काही कॉलेजांच्या पहिल्या याद्या लागलेल्या असतात. निकाल वेळेत हवा असेल तर शक्य ते विषय आधीच्या ऑक्टोबरातच देऊन टाका, वर सांगितलेली जेईईची अडचण नसेल तर. आवडीच्या दोन-तीन कॉलेजांत जानेवारी-फेब्रुवारीतच जाऊन विचारा: एनआयओएसची मुलं घेता का, कोणते कागद लागतील, विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रता प्रमाणपत्र कसं काढायचं? फोनवर बहुतेकदा "नाही" असंच ऐकू येतं, कारण खिडकीवरच्या माणसाला माहीत नसतं. प्रत्यक्ष जा, एनआयओएसला मान्यता असल्याचं परिपत्रक सोबत न्या, आणि उपप्राचार्यांना भेटा.

प्रवेशाच्या वेळी "एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) कुठाय?" असं हमखास विचारतात. एनआयओएस गुणपत्रकाबरोबर मायग्रेशन-कम-ट्रान्सफर प्रमाणपत्र देतं, एलसीच्या जागी ते चालतं. शांतपणे तेच पुढं करा. एलिजिबिलिटीचा अर्ज पहिल्या सत्रातच भरून टाका, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडकतो. त्यात मायग्रेशनची मूळ प्रत जमा होते आणि परत मिळत नाही, म्हणून देण्याआधी तिच्या चार-पाच झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन काढून ठेवा.