फळ्याकडे वळलं की वर्गात गोंगाट: माझा अनुभव (बी.एड. इंटर्नशिप)

सातवी, ५८ पोरं, मधल्या सुट्टीनंतरचा तास. मी फळ्याकडे वळले की मागून बाजार सुरू! डस्टर आपटून झालं, बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून झाली (नाव आलं की पोरं उलट खुश), बाहेर उभं केलं तर तिथे वेगळाच तमाशा. मारणं तर आरटीई (शिक्षण हक्क कायदा) २००९ च्या कलम १७ नुसार बंदच, आणि मला करायचंही नव्हतं. दोन आठवडे रडकुंडीला आले.

शेवटी पाठ टाचणातच (तासाला काय, कसं शिकवायचं याची आधी लिहिलेली टिपणं) वर्गाचा प्लॅन लिहायला लागले. क्रम असा: सुट्टी संपायच्या आधीच दोन सोपी गणितं फळ्यावर लिहून ठेवायची, मग दारात उभं राहून पोरांना एकेक करून आत घ्यायचं, पोरांनी बसल्याबरोबर वही उघडून सोडवायला लागायचं, ४ मिनिटं, तेवढ्यात हजेरी. नंतर हात वर करून गप्प उभं राहायचं, शेवटचा आवाज थांबेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, इथेच मी आधी चुकत होते, आवाजावर आवाज चढवत होते. शिकवताना फळ्यावर लिहायचं काम आळीपाळीने एका पोराला, मी मागच्या बाकांपाशी.

पहिले तीन दिवस फरक शून्य. चौथ्या दिवशी मी आत यायच्या आधीच वह्या उघडलेल्या.